बेटावर पाऊण तास

रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, म्हणजे अलिबागसमोर पाण्यात उभ्या असलेल्या एका किल्ल्याचं. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ते बदललं आणि महाड तालुक्यातल्या डोंगरी किल्ल्याचं नाव जिल्ह्याला मिळालं. तेव्हापासून नाव महाडचं आणि कचेरी अलिबागला, अशी वाटणी चालू आहे. महाड-पोलादपूरच्या माणसाचं जिल्ह्याचं काम निघालं की त्याला समुद्रापर्यंत जावंच लागतं. कागदावर शिक्का बसेपर्यंत वेळ काढायला तो किनाऱ्यावर येतो, भाजलेल्या शेंगा खातो, समोरचा किल्ला बघतो आणि ठरवतो, की पुढच्या खेपेला घरच्यांना घेऊन यायचं. महाडकरांच्या पुष्कळ बेटसहलींचा उगम असा एखाद्या दाखल्यात असतो.

हा माणूस समुद्राला नवखा आहे असं मात्र कुणी समजू नये. महाड खाडीने चाळीस-पन्नास किलोमीटर आत आहे, तरी भरती-ओहोटीवाचून तिथलं पान हलत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून धावत महाडला येते, गांधारीला पोटात घेते आणि बाणकोटला समुद्राला मिळते. जुलैत घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना खालून खाडीत भरती चढली, की नदीला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि ती बाजारपेठेत शिरते. एके काळी याच खाडीतून महाड बंदरात गलबतं येत. आता गलबतं येत नाहीत, नुसतं पाणी येतं. त्यामुळे पावसाळ्यात इथला दुकानदार शटर वर करण्याआधी तीन गोष्टींची चौकशी करतो: महाबळेश्वरला किती पडला, गांधारीच्या पुलाखाली पाणी कुठे आहे आणि आज भरती किती वाजता. २२ जुलै २०२१ ला तर अख्खं शहरच बेट झालं होतं. त्या दिवसावर विनोद करायचा हक्क माळ्यावर रात्र काढलेल्यांचा. ते तो बजावतातही. बाहेरच्याने नुसतं ऐकावं.

याचा परिणाम असा, की महाडकर कुठल्याही बेटावर उतरला तरी क्षितिजाकडे नंतर बघतो. आधी तटाच्या दगडावरची ओली रेघ शोधतो आणि जो कुणी जवळ असेल त्याला विचारतो, "पाणी कुठवर चढतं?"

पोलादपूरकराचं प्रकरण वेगळं. त्याच्या एका अंगाला कशेडीचा घाट, दुसऱ्या अंगाला आंबेनळीचा. महाबळेश्वरला चढणाऱ्या एसटीत तो उभ्याने, एका हाताने दांडी धरून आणि दुसऱ्या हाताने वडापाव खात जातो. आसपास मुंबईचे पाहुणे पिशव्या उघडून बसलेले असतात, त्यांच्याकडे तो दयेने बघतो आणि आवळासुपारी पुढे करतो. हाच माणूस राजपुरीच्या धक्क्यावरून होडीत बसला की पाचव्या मिनिटाला बोलायचा थांबतो आणि दहाव्या मिनिटाला डोळे मिटतो. "वळणं असती तर काही वाटलं नसतं," असं तो उतरल्यावर सांगतो, "हे जागच्या जागी हलणं वाईट." उलट, वादळात होडी हाकणारा कोळी कशेडीच्या तिसऱ्या वळणाला खिडकीची काच सरकवायचा, तेव्हा हिशेब बरोबरीत सुटायचा. पण कशेडीला बोगदा झाल्यापासून तीही सोय गेली.

बेटावरच्या सुट्टीत काय करायचं, याची जगभरची यादी आखूड आहे. मालदीवच्या जाहिराती बघाव्यात: झोपायचं, पोहायचं, खायचं, पुन्हा झोपायचं. "झोपायला एवढं लांब कशाला?" हा घरातल्या थोरल्या आत्याचा प्रश्न, आणि त्याला अजून कुठल्याही पर्यटन कंपनीला उत्तर देता आलेलं नाही. त्या दृष्टीने रायगड जिल्ह्यातली बेटं निर्धोक आहेत. जंजिरा, पद्मदुर्ग, कुलाबा, खांदेरी, उंदेरी, घारापुरी. एकीकडे तोफा, दुसरीकडे लेणी, आणि परगावच्या माणसाने हातपाय पसरून मुक्काम करावा अशी सोय कुठेच नाही. विश्रांतीचा धोका नाही म्हटल्यावर आत्या तयार होते.

मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावाला आलेले असतात. वरळी नाहीतर दादरला राहणारी ही मंडळी वर्षभर समुद्राकडे पाठ करून लोकल पकडतात आणि पोलादपूरला येऊन म्हणतात, "एकदा समुद्रावर जाऊ या." मग गाडी ठरते. तांदळाच्या भाकऱ्या, सुकी चटणी, उकडलेली अंडी, पाण्याचा मोठा कॅन, आलेपाक, ओवा, जास्तीच्या पिशव्या आणि एक चादर असं सामान चढतं. चादर कशाला, हे विचारायचं नसतं. ती कुणी बाहेर काढत नाही, पण तिच्यावाचून गाडी निघत नाही.

सकाळी सहाला निघायचं ठरतं, आठला निघतात. महामार्गाने माणगाव, तिथून म्हसळा, मग दिघी. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पाळण्यात असलेली मुलं आता माणगावच्या कोंडीत पुढच्या सीटवर बसून मोबाइलवर दुसरा रस्ता शोधत असतात. चारी बाजूंनी वाहनं आणि मधे आपण. बेटाचा पहिला अनुभव इथेच मिळतो, तोही तिकिटाशिवाय.

दिघीला थेट जंजिऱ्याच्या होड्याही मिळतात, पण मुलांना जंगलजेटी हवी असते, कारण तिच्यात गाडी चढते. पलीकडे आगरदांडा, तिथून राजपुरी जवळच. जेटीवर बाकी सगळे कठड्याशी उभे राहून वारा खातात. गाडीचा मालक मात्र उतरत नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून, ब्रेक दाबून, सरळ समोर बघत बसतो. जेटी खाडीच्या मध्यावर आली, एकदा डुलली, की तो ब्रेक आणखी जोरात दाबतो. पलीकडचा किनारा लागल्यावर इतरांना वाटतं जेटी पोचली, त्याला वाटतं आपण पोचवली.

राजपुरीला तिकीट काढायचं आणि शिडाच्या होडीत बसायचं. होडी भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय हे खलाशी ठरवतो. प्रवासी आपापसांत म्हणतात, झाली भरली. खलाशी धक्क्याकडे बघून आणखी एका कुटुंबाला हात करतो. मग शीड उभारलं जातं आणि सगळे एकदम गप्प होतात, कारण इंजिनाचा आवाज नाही.

जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. किल्ला बांधणाऱ्यांनी ती काळजी शत्रूसाठी घेतली होती, हल्ली ती पर्यटकांना सोसावी लागते. होडी पायऱ्यांशी लागते, म्हणजे खरं तर लागत नाही. वर जाते, खाली येते, पुढे होते, मागे सरते. पायरी शेवाळलेली. खलाशी एक पाय काठावर, एक पायरीवर ठेवून ओरडतो, "हात द्या, हात! खाली बघू नका!" सांगितल्याबरोबर सगळे खाली बघतात. तरणी मुलं उडी मारून दाखवतात आणि गुडघ्यापर्यंत भिजतात. आत्या मात्र घाई करत नाही. "आधी माझी पिशवी घे," असं खलाशाला बजावते, पिशवी सुखरूप पोचल्याची खात्री करते आणि मग लाट वर आली असताना, नदीकाठी जन्म काढलेल्या बाईच्या सवयीने, नेमका पाय टाकते. पदरही भिजत नाही.

आत पाऊण तास. हा वेळ खलाशाने दिलेला असतो आणि त्यात बदल होत नाही. दरवाज्यावर पंजांत हत्ती पकडलेलं श्वापद कोरलंय, त्याखाली फोटो, सात मिनिटं. मग गाईड गोळा करतो. जंजिऱ्याच्या गाईडमंडळींचं गणित बावीसच्या पाढ्यावर चालतं. किल्ला बावीस एकर, बांधायला बावीस वर्षं, बुरूज बावीस, कलालबांगडी तोफ बावीस टन. पुस्तकं बुरूज एकोणीस सांगतात, पण पुस्तकांना उन्हात उभं राहून सांगायचं नसतं. कलालबांगडी पंचधातूची असल्याने भर दुपारीही तापत नाही, हे त्याचं हुकमी वाक्य. त्यावर प्रत्येक जण तळहात टेकवतो, अंमळ थांबतो आणि "खरंच की" म्हणतो. तापली आहे असं वाटलं तरी कुणी बोलत नाही. एवढ्या लांब येऊन, होडीचे पैसे देऊन, तोफ गरम निघाली हे घरी कसं सांगायचं?

मग येतो "तीनशे-साडेतीनशे वर्षं कुणाला जिंकता आला नाही" हा मुद्दा, आणि इथे महाडकराचा चेहरा बदलतो. इतर पर्यटक हा किल्ला बघायला आलेले असतात, महाडकर जुनी वसुली करायला. मराठ्यांची राजधानी त्याच्या तालुक्यात होती. जंजिरा घ्यायच्या मोहिमा तिथून निघाल्या. मोरोपंत पिंगळ्यांच्या स्वारीत लाय पाटलाने रात्री तटाला शिड्या लावल्या आणि मागून येणारी कुमक वेळेवर पोचली नाही, हे तो गाईडला ऐकवतो. कुमक कुठे अडकली असेल याविषयी त्याचा संशय माणगाववर असतो. लाय पाटलाला महाराजांनी पालखी दिली, दर्यावर फिरणाऱ्याला पालखी काय कामाची म्हणून त्याने ती नाकारली, तेव्हा त्याला 'पालखी' नावाचं गलबत बांधून दिलं, असं सांगतात. संभाजीराजांनी तर १६८२ च्या सुमारास समुद्रात दगड टाकून किल्ल्यापर्यंत रस्ताच बांधायला घेतला आणि मधेच मोगलांचा हल्ला आल्याने तो सोडावा लागला. अपुऱ्या रस्त्याची गोष्ट महामार्गावरच्या माणसाला लगेच पटते. गाईड शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "पण घेता आला नाही." महाडकर घड्याळ बघतो. "थोडक्यात राहिला," म्हणतो. पुढे चर्चा होत नाही.

तह होतो तो तळ्यापाशी. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची दोन तळी, हे पाहून महाडकर मनातल्या मनात शरमतो. रायगडावरचा हत्ती तलाव कित्येक वर्षं गळका होता, दुरुस्ती झाली तेव्हा कुठे पाणी ठरायला लागलं. आणि इथे जंजिऱ्याच्या सिद्दीने समुद्रात बसून पाणी साठवलं! "पाण्याचं मानलं पाहिजे," एवढी कबुली तो देतो. सिद्दीच्या वारसांना याहून मोठं प्रशस्तिपत्र महाड तालुक्यातून मिळालेलं नसावं. तोवर खालून हाका सुरू होतात. वाड्याचे पडके मजले, पश्चिमेचा दर्या दरवाजा, राजपुरीपर्यंत जाणारा म्हणून सांगितला जाणारा भुयारी मार्ग, हे सगळं "पुढच्या वेळी" या सदरात जातं. जंजिरा संस्थान १९४८ साली विलीन झालं, पण किल्ल्यावरचा शेवटचा हुकूम आजही खलाशाचा चालतो.

परतताना डावीकडे, उजवीकडे, जिथे कुणी बोट दाखवेल तिथे, दूर पद्मदुर्ग दिसतो. तो मराठ्यांचा. इथे रसद वेळेवर पोचवली नाही म्हणून प्रभावळीच्या सुभेदाराला, जिवाजी विनायकाला, महाराजांनी पत्रातून असं खडसावलंय, की आजही पुरवठा खात्यातल्या माणसाने ते बसून वाचावं. तिथल्या तटाचे दगड लाटांनी झिजलेत आणि दगडांमधला चुना मात्र जागेवर उभा आहे. बांधकामाचे ठेकेदार सहलीत असले तर या माहितीपाशी विषय बदलतात.

कुलाबा किल्ल्याला होडीही लागत नाही. ओहोटीला चालत जायचं, पाय ओले करायचे नसतील तर घोडागाडी. आत सिद्धिविनायकाचं देऊळ, गोड्या पाण्याची विहीर आणि तटावर यॉर्कशायरच्या कारखान्याचा शिक्का असलेल्या दोन चाकांच्या तोफा, ज्यांच्यावर बसू नये असं सांगितलेलं असल्याने बसायला रांग असते. अडचण एकच: सुट्टी रविवारची असते आणि ओहोटी तिथीची. त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. दुपारचं जेवण किल्ल्यात घ्यावं. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन दुपारी किल्ल्याभोवती पाणीच पाणी. हा पाढा बाणकोट खाडीच्या कृपेने महाडच्या जुन्या माणसांना येतो, त्यामुळे तिथल्या घरात सहल ठरवताना प्रथम कालनिर्णय भिंतीवरून खाली उतरतं. गोंधळ पुढे होतो. चतुर्थीला तीनला भरती, नऊला ओहोटी, सकाळी चालत जायला उत्तम. पण कृष्ण पक्षातली चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि संकष्टीला मासे चालत नाहीत. मासे खायचे नसतील तर अलिबागला जायचं कशासाठी, हा प्रश्न सून विचारते आणि त्यावर खगोलशास्त्र गप्प बसतं.

घारापुरीला तर भूगोलच विनोद करतो. बेट उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात. पण पोलादपूरच्या माणसाला रुळलेल्या वाटेने तिथे जायचं तर आधी जिल्हा सोडून मुंबई गाठावी लागते, गेटवेला लाँचमध्ये बसावं लागतं आणि तासाभराने तो आपल्याच जिल्ह्यात परत दाखल होतो. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. तिथल्या गावांत समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ मध्ये. म्हणजे जगाचा वारसा तीसेक वर्षं कंदील आणि जनरेटरवर सांभाळला. ज्या दगडी हत्तीमुळे इंग्रजीत बेटाला नाव पडलं, तो १८६४ साली इंग्लंडला हलवताना क्रेन तुटली आणि त्याचे तुकडे झाले. ते जोडून हत्ती आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे, म्हणजे हत्तीलाही जिल्हा सोडावा लागला. लाँचच्या धक्क्यापासून छोटी गाडी, मग शंभरावर पायऱ्या. रायगडाच्या दीड हजाराच्या आसपास पायऱ्या चढलेला महाडकर यांना मोजतच नाही. पायऱ्यांच्या दोन्ही कडांना मांडलेल्या दुकानांतून बायकोला बाहेर काढण्यात त्याची खरी चढण असते.

त्रिमूर्तीपुढे मात्र सगळेच थबकतात. वीसेक फूट उंचीचा तो शांत चेहरा बघून मोबाइल काही क्षण खाली येतात. तेवढ्यात बाहेर माकड कुणाच्या तरी हातातली काकडी, तिखटमिठासकट, घेऊन जातं आणि निम्मा जमाव तिकडे धावतो. पुरातत्त्व खात्याच्या कुठल्याही फलकापेक्षा त्या माकडाकडे जास्त लोकांचं लक्ष असतं. लेणी सोमवारी बंद. घरात सोमवारी मासेही बंद. सरकार आणि देव्हारा यांचं इतकं एकमत क्वचित दिसतं.

खांदेरीचं निमित्त नवीन आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात रायगड आणि खांदेरी एका यादीत बसले. प्रतापगडही त्यात आहे, आणि पोलादपूरकर तो आपल्याच अंगणात धरतो, सातारा जिल्हा काहीही म्हणो. म्हणून थळच्या बाजूने होडी करून जाणारे आता वाढतील. तिथे वेताळाचं देऊळ आहे, १८६७ चं दीपगृह आहे आणि दगडाने ठोकला की धातूसारखा वाजणारा एक खडक आहे. तो ठोकायला लहान मुलांना नेतात आणि वडीलच ठोकत बसतात. महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तट घालायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही अडवायला धावले. अडवता येईना, तसा सिद्दीने समोरची उंदेरी बळकावून तिथे आपला तट घातला. बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यांनी एकमेकांच्या नाकासमोर भिंती उभाराव्यात, तसे ते दोन किल्ले आजही समोरासमोर आहेत. महसुली दाव्यांत मुरलेल्या तालुक्याला हा इतिहास समजावून सांगावा लागत नाही.

बेटावरून आणायचं काय, हा प्रश्न राहतो. मालदीवचे लोक शंखशिंपले आणतात. महाडकर राजपुरीला नाहीतर मुरूडच्या बाजारात सुकी मासळी घेतो: सोडे, जवळा, बोंबील, जमल्यास बांगडा. पावसाळ्याची बेगमी. सोडे घेताना घासाघीस चालते ती जंजिऱ्याच्या पाऊण तासापेक्षा जास्त वेळ, आणि त्यात खलाशी हाका मारायला नसतो. पुडी चार पिशव्यांत बांधून, ती पाचव्या पिशवीत घालून डिकीत ठेवतात. म्हसळ्यापर्यंत वास डिकीत राहतो. पुढे तो सीटवर येतो. चाकरमानी खिडकी उघडतात, पोलादपूरकर आता पूर्ण बरा झालेला असतो आणि विचारतो, "कालवण आजच करायचं का?"

संध्याकाळी माणगावला कोंडी असतेच. शेजारच्या रांगेत उलट दिशेने तोंड करून एक बस उभी असते, अलिबागकडची, रायगड बघून परत चाललेली. त्यातले लोक रोपवेच्या रांगेत दोन तास काढून थकलेले, हे होडीतून उतरून खारावलेले. खिडकीला खिडकी लागते. बसमधले एक काका विचारतात, "कुठून?"

"जंजिरा. तुम्ही?"

"रायगड."

"आमच्याकडचाच," महाडकर म्हणतो. "पूर्ण बघितलात?"

"कसला! खाली उतरायची घाई. जंजिरा कसा आहे?"

महाडकर जरा विचार करतो. मागे आत्या पिशवीतले सोडे चाचपून बघत असते.

"चांगला आहे," तो म्हणतो, "पाणी वरपर्यंत चढत नाही."

पुढची गाडी चार हात सरकते.